सॅटेलाइट इंटरनेटची डिश युद्धात जॅम होते का, आणि सापडते का?

भूम तालुक्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या एका पोरानं विचारलंय: "काका, रशियानं युक्रेनमध्ये स्टारलिंक जॅम केलं असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो ते जॅम होतच नाही. खरं काय? डिश चालू केली की शत्रूला जागा कळती म्हणतात, ते कसं? सरकारनं स्टारलिंकशी करार केलाय, त्यात धाराशिवचं नाव आहे. उद्या ग्रामपंचायतीवर डिश बसली आन् युद्ध लागलं, तर ती आमच्याच डोक्याला ताप व्हायची का? आणि एका मित्राकडं दुबईहून आणलेला संच पडून आहे, तो लावून बघू का?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. नंतर लातूरला राहून बँकांच्या आणि साखर कारखान्यांच्या व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून डेटा नेणाऱ्या छोट्या डिश बसवल्या, सांभाळल्या. लष्करी यंत्रणांबद्दल इथं एक अक्षर लिहिणार नाही. जे लिहितोय ते उघड माहितीतलं आणि छपरावरच्या कामातलं.

आधी थोडक्यात. ही डिश जॅम करता येते, पण काम खर्चिक आणि किचकट आहे. तिची जागा शोधणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं, आणि बहुतेक वेळा ती जागा डिशमुळं नाही, डिश वापरणाऱ्यांमुळं कळते. आणि सेवाच बंद पाडायची असेल तर डिशच्या आसपास फिरकायचीही गरज नाही. तुझे ते दोघं पहिल्याच मुद्द्यावर भांडत बसलेत.

जॅमिंगमध्ये करायचं एवढंच असतं: रिसीव्हर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतोय, तिथं त्याच्या कामाच्या सिग्नलपेक्षा जास्त जोराचा गोंगाट पोचवायचा. सॅटेलाइट लिंकमध्ये रिसीव्हर दोन असतात, एक वर उपग्रहावर आणि एक खाली डिशमध्ये. दोन्हीकडचं गणित वेगळं.

आपल्या बँकांच्या व्हीसॅट ज्या उपग्रहांवर चालतात ते भूस्थिर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, आकाशात कायम एकाच जागी. डिश एकदा पॉइंट केली, बोल्ट आवळले की वर्षानुवर्षं हलवायची नाही. आपली ही सोय शत्रूच्याही सोयीची आहे. उपग्रह कुठं आहे हे साऱ्या जगाला ठाऊक. शिवाय त्यातले बरेच उपग्रह खालून जे येईल ते फ्रिक्वेन्सी बदलून, वाढवून तसंच परत खाली सोडतात. आलेला सिग्नल घरच्याचा की परक्याचा, हे बघत नाहीत.

असं जॅमिंग कुणी न ठरवताही होतं. परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत एका कंत्राटदाराच्या माणसानं डिश बसवली, पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, नीट जुळवलं नाही, आणि ट्रान्समिट चालू ठेवून जेवायला गेला. तिकडं हबवर, म्हणजे सगळ्या डिशी जिथं जोडलेल्या असतात त्या मुख्य केंद्रावर, भलत्याच गिऱ्हाइकांच्या लिंक खाली-वर व्हायला लागल्या. हबच्या इंजिनिअरचे फोन सुरू: "क्रॉसपोल येतंय, कुठल्या साइटवर काम चालू आहे?" क्रॉसपोल म्हणजे एका दिशेचा सिग्नल दुसऱ्या दिशेच्या सिग्नलमध्ये घुसणं. मग एकेका साइटचं ट्रान्समिट बंद करायला लावायचं आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवरचा तो आगाऊ उंचवटा कधी खाली बसतो ते बघत राहायचं. दोन वॉटचा बीयूसी, म्हणजे डिशवरचा सिग्नल वर पाठवणारा डबा, आणि सव्वा मीटरची डिश, तेवढ्यानं एवढा घोळ. कुणी ठरवून मोठ्या डिशमधून शेकडो वॉट फेकले तर काय होईल, याचा अंदाज तूच कर.

स्टारलिंकचं इथंच वेगळं पडतं. त्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं पळतात. एक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, आणि कोणत्या डिशनं कोणत्या उपग्रहाशी बोलायचं याचं वाटप दर १५ सेकंदांनी नव्यानं होतं. एका उपग्रहावर मारा करून हाती काही लागत नाही, त्याच्या जागी दुसरा हजर असतो. म्हणून शत्रू वरचा नाद सोडून खाली, डिशकडं वळतो.

डिश ऐकते १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिच्या सपाट पाट्यात शेकडो छोटे अँटेना असतात, आणि पाटा न हलवता बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं फिरतो. बीम जेमतेम तीन-चार अंश रुंद, आणि सदा वर बघणारा. क्षितिजाजवळच्या उपग्रहाकडं ती जातच नाही. जमिनीवरचा जॅमर असतो क्षितिजाला टेकलेला. त्याची शक्ती मुख्य बीममधून शिरत नाही, बाजूच्या लोबमधून, म्हणजे बीमच्या कडेला गळणाऱ्या फटींतून शिरते, आणि तिथं अँटेना हजार पटीनं मंद असते.

एवढं वाचून "जॅम होतच नाही" म्हणणारा खूश होईल. पण पुढचं गणितही कर. उपग्रह ५५० किलोमीटरवर आहे, जॅमर समज दहा किलोमीटरवर. अंतर पंचावन्न पट कमी, आणि शक्ती अंतराच्या वर्गानं बदलते, म्हणजे जॅमरला तीन हजार पटीचा फायदा. अँटेनानं हजार पट अडवलं, जवळिकीनं तीन हजार पट परत दिलं. वर जॅमरची ताकदही उपग्रहापेक्षा जास्त ठेवता येते. तेव्हा समोर उघडं रान असेल, जॅमर आणि डिश एकमेकांना थेट दिसत असतील, तर जॅमर भारी पडू शकतो.

डिशला खरी वाचवते ती माती. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी टेकडीला वळसा घालून जात नाहीत. वीस मीटर उंच मास्टवरचा जॅमर अगदी सपाट रानातही अठरा-वीस किलोमीटरपलीकडं जमिनीवरच्या डिशला दिसत नाही, पृथ्वीची गोलाईच आड येते. मध्ये ओढ्याची दरड, घर, उंच बांध असेल तर त्याच्याही आधी. युक्रेनचे जवान डिश खड्ड्यात ठेवतात त्याचं एक कारण हे. वरचं आकाश मोकळं, चारी बाजूंनी माती. खड्डा मात्र पसरट लागतो. विहिरीसारखा खोल केला तर डिशला आकाशाचा पुरेसा तुकडा दिसत नाही आणि लिंक दर मिनिटाला तुटते.

मग जॅमरवाल्याला एकच वाट उरते, वर जाणं. विमान, ड्रोन किंवा फुगा. वरून मारलं की बांध-खड्डा काही कामाचा नाही. पण किती ड्रोन लागतील? चिनी संशोधकांनी २०२५ मध्ये तैवानएवढ्या मुलखावर स्टारलिंक अडवायचं गणित मांडलं, तर आकडा हवेतल्या सुमारे हजार ते दोन हजार जॅमरपर्यंत गेला. तैवान साधारण ३६ हजार चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा साडेचौसष्ट हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन पट. तेवढे जॅमर एकाच वेळी हवेत, तेही दुसऱ्याच्या देशात. एका गावापुरतं, एका मोर्च्यापुरतं जॅमिंग शक्य आहे. आख्खा प्रदेश गप्प करणं हे वेगळंच प्रकरण.

प्रत्यक्षात झालंही तसंच. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात स्टारलिंकचा मालक इलॉन मस्कनं स्वतः सांगितलं की लढाईच्या भागाजवळचे काही टर्मिनल तासन् तास जॅम होत होते, आणि सॉफ्टवेअर बदलून त्यातून वाट काढली. त्यानंतर दोन वर्षं रशियाचे प्रयोग चालूच होते. मे २०२४ मध्ये खारकीव्हकडच्या आघाडीवर रशियानं नव्यानं हल्ला केला तेव्हा तिथल्या युक्रेनी तुकड्यांचं स्टारलिंक चांगलंच मंदावलं. युद्ध संपूर्ण थांबलं नाही, पण ज्या तासाला ड्रोनचं चित्र हवं होतं त्या तासाला ते मिळालं नाही. तेव्हा तुझे दोघंही निम्मे-निम्मे बरोबर आहेत.

जॅमिंगमधला एक आडमार्ग मात्र लोक विसरतात: जीपीएस. उपग्रह शोधायला डिशला स्वतःची जागा आणि वेळ कळावी लागते, आणि ती जीपीएसवरून घेते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की एका वॉटचे कोटी गुणिले कोटी गुणिले शंभर भाग केले तर त्यातला एक. शिवाय त्याचा अँटेना सगळीकडून ऐकणारा, तिथं तीन अंशांचा बीम नाही. स्टारलिंकचा बीम अडवायला जिथं गाडीभर यंत्रणा लागते, तिथं जीपीएस गोंधळात टाकायला खिशात मावणारं यंत्रही काही अंतरापर्यंत पुरतं. मग डिश चालू होते, आणि नुसती शोधत बसते. खोटा जीपीएस सिग्नल दिला तर आणखी वाईट, डिश भलत्याच जागेवरून आकाशाचा हिशेब करते. इराणमध्येही स्टारलिंकला जो त्रास झाला त्यात जीपीएसच्या गोंधळाचा वाटा मोठा होता. यावर कंपनीनं ॲपमध्ये एक पर्याय दिलाय: जीपीएस सोडून स्टारलिंकच्याच उपग्रहांवरून जागा ठरवायची. लोकांनी त्याच्याही आधी डिशभोवती पत्र्याची किंवा जाळीची भिंत उभी करून बाजूनं येणारा गोंगाट अडवायला सुरुवात केली होती. दिसायला गावठी, पण तत्त्वाला धरून आहे.

आता जागा सापडण्याबद्दल. डिश ट्रान्समिट करते १४ ते १४.५ गिगाहर्ट्झवर, आणि तोही अरुंद बीम वरच जातो. आपल्याकडं रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातातली बॅटरी आठव. झोत सरळ आभाळाकडं धरला तर शेजारच्या रानातल्याला काच दिसत नाही, फार तर हातावर पडलेला अंधुक उजेड दिसतो. पण वरून कुणी जात असेल तर त्याच्या डोळ्यावरच येतो. डिशचंही तसंच. जमिनीवरच्या शोधयंत्राला बाजूची गळती तेवढी मिळते, आणि तीही थेट दिसत असेल तरच. एका रशियन संस्थेनं 'कालिंका' नावाची यंत्रणा पंधरा किलोमीटरवरून असे टर्मिनल हुडकते असा दावा केलाय. दावा विक्रेत्याचा आहे, तेवढं मीठ घालून घे. वरून ऐकणारी विमानं आणि उपग्रह मात्र खरेच आहेत. हॉकआय ३६० ही अमेरिकी कंपनी उपग्रहांची तिकडी उडवून जमिनीवरचे रेडिओ स्रोत शोधते आणि ते विकते, युक्रेनमधला जीपीएसचा गोंधळही तिनं वरून टिपला होता. जे काम खासगी कंपनी धंदा म्हणून करते ते मोठ्या देशाच्या सैन्याला जमत नसेल असं समजू नकोस.

झोखर दुदायेव्हचं उदाहरण यात हमखास येतं. चेचन नेता, एप्रिल १९९६ मध्ये सॅटेलाइट फोनवर बोलत असताना रशियन क्षेपणास्त्रानं मारला गेला. पण त्या काळचा फोन आणि आजची डिश यांची गल्लत करू नये. फोनचा बीम रुंद, संभाषण लांबलं, जागा बदलली नाही. आजच्या डिशचा बीम त्या मानानं कितीतरी अरुंद आहे.

तरीही डिशी सापडतात आणि उडवल्या जातात. कशामुळं? माझ्या मते सगळ्यात आधी वायफायमुळं. लोक १४ गिगाहर्ट्झच्या बीमची चर्चा करतात आणि शेजारी ठेवलेला राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चहूबाजूंनी ओरडत असतो, तो विसरतात. पटत नसेल तर करून बघ. सेवा केंद्राचा राउटर चालू ठेव, मोबाईल घेऊन मोकळ्या रानात चालत जा आणि वायफायच्या यादीत त्याचं नाव किती लांबपर्यंत दिसतं ते बघ. हा झाला मोबाईलचा इवलासा अँटेना. ड्रोनवर चांगला अँटेना लावला तर अंतर कितीतरी वाढतं. पासवर्ड असला तरी राउटरचं नाव आणि त्याचा हार्डवेअर पत्ता उघडाच असतो. त्यात कंपनीचं मूळ नाव न बदलता 'स्टारलिंक' असंच ठेवलं असेल तर शोधणाऱ्याचे कष्टच वाचले. म्हणून युद्धभूमीवर शहाणी माणसं वायफाय बंद करतात आणि केबल ओढतात, तीही लांब, म्हणजे डिश एकीकडं आणि माणसं दुसरीकडं. ३ मार्च २०२२ ला मस्कनंही तेच सांगितलं होतं: गरज असेल तेव्हाच चालू करा, अँटेना माणसांपासून शक्य तितका लांब ठेवा, वरून हलकं आच्छादन टाका.

दुसरं उष्णता. डिश पन्नास-पाऊणशे वॉट खाते आणि त्याची उष्णता करते. थंड रात्री थर्मल कॅमेऱ्यात ती स्वच्छ चौकोनी उजळ ठिपका दिसते. युरोपातल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचा हीटर चालू राहिला तर विचारूच नको. आपल्याकडं मे महिन्यात भरदुपारी पत्रे आणि दगडच इतके तापतात की त्यात डिश वेगळी काढणं अवघड, पण पहाटे तीनला तीच डिश वेगळी उठून दिसेल. तिसरा जनरेटर, त्याचा आवाज आणि धूर. चौथं, पांढरा पाटा. आणि पाचवं सवय: रोज त्याच वेळी त्याच घरापाशी गाड्या उभ्या राहतात, पोरं मोबाईल धरून बसतात. ड्रोनवाल्याला बाकी काही ऐकू आलं नाही तरी हे दिसतं.

इथवर डिश अडवणं आणि शोधणं झालं. पण आतापर्यंतचा सगळ्यात मोठा फटका यातल्या कशानंच बसलेला नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियन रणगाडे सीमा ओलांडायच्या तासभर आधी, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहावर चालणारे हजारो मोडेम एकाच वेळी मेले. उपग्रह शाबूत, डिशी शाबूत, जॅमर कुठंच नाही. हल्लेखोर कंपनीच्या व्यवस्थापन नेटवर्कमध्ये व्हीपीएनच्या वाटेनं शिरले आणि तिथून मोडेमना त्यांची मेमरीच पुसून टाकणारा आदेश धाडला. कंपनीला जवळपास तीस हजार नवे मोडेम पाठवावे लागले. गंमत म्हणजे जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्याच धक्क्यात गेलं, कारण त्याही त्याच सेवेवर होत्या. चक्क्या फिरत राहिल्या, पण लांबून त्यांच्याकडं बघायची सोय संपली. तुझ्या भूम-वाशीच्या आणि आमच्या पाटोद्याकडच्या माळावर जे पंखे फिरतात त्यांचा डेटा कुठून जातो, हे विचारणारा मला अजून भेटला नाही. या विषयात माझी खरी काळजी ही आहे. जॅमर त्यानंतर.

कधी कधी शत्रूचीही गरज लागत नाही. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकची सेवा त्यांच्याच अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडानं जगभर अडीच तास बंद पडली, आणि युक्रेनची आघाडीही त्यात गप्प झाली. क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ सेवा कंपनीनं चालूच केली नव्हती, आणि २०२२ मध्ये युक्रेनी नौका-ड्रोनना तो अनुभव आला. टर्मिनल कुठं आहे हे कंपनीला कायम ठाऊक असतं आणि बटण तिच्या हातात असतं. आपल्या सरकारनं मे २०२५ मध्ये सॅटेलाइट सेवेसाठी ज्या सुरक्षेच्या अटी घातल्या त्या याच अनुभवातून आल्या असणार: टर्मिनलची जागा यंत्रणांना सांगता आली पाहिजे, सांगितलेल्या भागापुरती सेवा तोडता आली पाहिजे, जमिनीच्या सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यावर खास देखरेख, आणि पुढं नाविकचा, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या स्वतःच्या यंत्रणेचा आधार. काहींना हे जाचक वाटतं. मला अटी रास्त वाटतात.

आता तुझी ग्रामपंचायत. पहिलं म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं ते इरादापत्र आहे, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव ही नावं त्यात आहेत. डिश कधी येईल ती येईल. भूम कोणत्याही सीमेपासून कित्येकशे किलोमीटर आत आहे. जमिनीवरचा शत्रूचा जॅमर तिथं पोचत नाही, आणि सातबारा काढून देणाऱ्या डिशवर कुणी क्षेपणास्त्र खर्च करत नाही. युद्धकाळात तिला काय होईल? एक तर सरकार किंवा कंपनी त्या भागातली सेवा आवळेल, नाहीतर कंपनीवर सायबर हल्ला होईल, नाहीतर तुमची लाइट जाईल. तिन्हीवर उपाय एकच, सगळं एका डिशवर टांगायचं नाही. भारतनेटची फायबर जिवंत ठेवा, तालुक्याला पोलीस वायरलेस आहे त्याच्याशी बोलायची वाट आधीच ठरवून ठेवा, आणि बॅटरीकडं लक्ष असू द्या.

भूकंपात मात्र वर सांगितलेलं सगळं उलटं करायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडं जे झालं ते तुझ्या वडिलांना विचार. असं काही घडलं तर डिश लपवायची नाही, गावच्या चौकात सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची, वायफायचं नाव मोठं आणि सरळ ठेवायचं, पासवर्ड काढून टाकायचा. तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात या दोन्ही वेळांसाठी वेगवेगळी पानं हवीत. मी पाहिलेल्या आराखड्यांत "सॅटेलाइट संपर्क उपलब्ध" एवढी एकच ओळ असते.

बसवताना एक ध्यानात ठेव. पत्र्यावर ठोकू नका. या डिशी पन्नास अंशांपर्यंत चालतात म्हणतात, पण मे महिन्यात आपला पत्रा पन्नासच्या कितीतरी वर जातो आणि डिश स्वतःला वाचवायला बंद होते. खांब पुरा, खालून वारा खेळू दे. मग दुपारी लिंक गेली की शत्रूनं जॅम केलं म्हणून गावभर बोंब होणार नाही.

राहिला मित्राचा दुबईचा संच. तो लावायचा नाही. परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणंच गुन्ह्यात मोडतं, आणि थुराया-इरिडियम कंपन्यांचे सॅटेलाइट फोन किंवा साधे सॅटेलाइट मेसेंजर सापडले म्हणून परदेशी पाहुण्यांनाही आपल्या विमानतळांवर अटक झालेली आहे. २०२४ च्या शेवटी अंदमानजवळ अमली पदार्थांच्या बोटीवर स्टारलिंकचा संच मिळाला, आणि मणिपूरमध्ये हत्यारांच्या साठ्यासोबत तशाच बनावटीची डिश. त्या यादीत सेवा केंद्राच्या परवान्यासकट तुझं नाव जायला नको. परवानाधारक कंपनीनं भारतात, तुझ्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर नोंदवून दिलेला संच असेल तेव्हा कळव, पॉइंटिंगची जागा बघायला मी येईन.